माझा नमदा तिला कशाला?

मित्रांनो, लोखंडाला पोट नसते असे तुम्हाला वाटत असेल. नसेलही. पण मग नव्या रायफलीचे कौतुक कानावर आले की माझे नेमके दुखते तरी कुठे, ते तुम्हीच सांगा. होय, मी एक जुनी रायफल आहे आणि मला फार हेवा वाटतो. घाबरू नका, मी आयुष्यात कोणाचा जीव घेतलेला नाही, अगदी मुंगीचासुद्धा नाही. माझे सगळे वैर कागदाशी. लांब भिंतीपाशी टांगलेल्या कागदावर एक काळे वर्तुळ असते. त्याच्या बरोबर मध्ये भोक पाडायचे, एवढेच माझे काम. ते काम मी पुष्कळ वर्षे केले आणि चांगले केले. आता मी एका लोखंडी कपाटात उभी असते. शेजारी ती उभी असते. तिच्याविषयी सांगितल्याशिवाय माझी कहाणी पुरी होत नाही, हेच तर माझे दुखणे आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका भरीव पोलादी दांड्याला लांब बरम्याने आरपार भोक पाडले आणि आतून पिळाच्या खाचा कोरल्या. या खाचांमुळे गोळी भोवऱ्यासारखी गरगरत जाते, म्हणून ती सरळ जाते. अशी माझी नळी तयार झाली. ती लांब आहे आणि जरा सडपातळ आहे. मग तिला खांद्याशी टेकायला लाकडी दस्ता आला, बोटाने ओढायला चाप आला आणि मी एका घरी आले.

मला ज्या मुलीसाठी आणले, तिला आता सगळे आत्या म्हणतात. तेव्हा ती कोणाचीच आत्या नव्हती. दोन घट्ट वेण्या घालणारी एक हट्टी मुलगी होती ती. तिचा धाकटा भाऊ सुतारकाम शिकत होता. ताईची रायफल उचलून न्यायचा मान आपला, असे त्याने स्वतःच ठरवून टाकले होते. एकदा जिन्यावरून उतरताना त्याचा पाय घसरला. तो वाचला, माझा दस्ता मात्र उभा चिरला. ताई त्याच्याशी कितीतरी दिवस बोलली नाही.

पण त्याने हात झटकले नाहीत. अक्रोडाचा ओंडका मिळवून त्याने स्वतः माझ्यासाठी नवा दस्ता घडवला. पुन्हा फुटायला नको म्हणून तो चांगला जाडजूड केला. दिसायला मी थोडी थोराड दिसू लागले, पण मला ते आवडले. अडचण वेगळीच झाली. माझ्या गोळ्या वरखाली जाऊ लागल्या. सडपातळ नळी गोळी सुटताना थरथरते आणि दर वेळी वेगळी थरथरते. त्याने स्क्रू आवळले, सैल केले, लाकूड घासले. शेवटी खुर्च्यांच्या पायांखाली लावायला ठेवलेल्या जाड नमद्याचा नखाएवढा तुकडा कापला आणि दस्त्याच्या पुढच्या टोकाशी, नळीच्या खालच्या खाचेत बसवला. नमदा म्हणजे लोकर दाबून दाबून केलेले जाड कापड. त्या मऊ उशीवर माझी नळी टेकली आणि तिची थरथर थांबली. पुढच्या दहा गोळ्या अशा जवळजवळ पडल्या की ताईने भावाच्या पाठीत आनंदाने गुद्दा घातला.

त्या दिवसापासून या घरात एक म्हण पडली. दार वाजले, "नमदा लाव." टेबल डगमगले, "नमदा लाव." पाहुणे आलेले काका फार घोरायला लागले, तेव्हाही कोणीतरी हळूच म्हणाले, "नमदा लावा रे कोणी." सगळे हसायचे आणि मला वाटायचे, हे सगळे माझेच कौतुक चालले आहे. आणि ते होतेच माझे.

पुढची वर्षे सोन्याची होती. ताईने माझ्यावर गाल टेकून कितीतरी पदके जिंकली. रोज सराव संपला की ती आधी मला पुसायची, मग घाम पुसायची. भिंतीवर पदकांची रांग लागली. फोटोत ती हसायची आणि मी तिच्या कुशीत असायचे. मग तिच्या उजव्या डोळ्यावर सारा, म्हणजे पातळ पडदा, आला. काळे वर्तुळ तिला धुरकट दिसू लागले. तिने स्पर्धा सोडल्या आणि ती रेंजवर, म्हणजे आमच्या नेमबाजीच्या त्या लांबलचक शेडमध्ये, मुलांना शिकवू लागली. मला वाटले, संपले आपले दिवस. पण तोवर त्या सुताराला मुलगी झाली होती.

तिला सगळे टिचकी म्हणतात. तान्ही असल्यापासून दिसेल त्या वस्तूला टिचकी मारून बघायची तिची खोड. माझ्या नळीलाही तिने टिचकी मारली. माझा टण् आवाज ऐकून ती खुदकन हसली आणि मी तिची झाले. ती जरा मोठी झाल्यावर आत्याने तिला माझ्यावरच शिकवले. पालथे कसे झोपायचे, डाव्या दंडात पट्टा अडकवून रायफल कशी घट्ट धरायची, श्वास अर्धा सोडून चाप कसा ओढायचा. तिचा गाल आत्याच्या गालाने झिजलेल्या जागीच यायचा. आत्या कधी कधी लांबून नुसती बघत राहायची.

आणि मग नवी आली.

टिचकी आता मोठ्या स्पर्धेत उतरणार, तर तिला मोठ्या स्पर्धेची रायफल हवी, असे आत्या आणि बाबांनी ठरवले. मला कोणी विचारले नाही. खोके उघडले आणि सगळ्यांनी एकदम "अहाहा" केले. लाकडाचे पातळ पातळ थर चिकटवून केलेला तिचा दस्ता, निळे आणि करडे पट्टे, नाजूक कंबर. नळी चांगली जाड, पण ती दस्त्याला कुठेही न टेकता पुढे अधांतरी गेलेली. मला हसू आले. जिला टेकायला आधार नाही ती उभी काय राहणार! नव्याचे नऊ दिवस, असे मी मनाशी म्हटले. टिचकीने तिलाही टिचकी मारली. तिचा आवाज माझ्यापेक्षा बारीक आणि गोड आला, आणि तिथून माझा जळफळाट सुरू झाला.

सगळ्यात जास्त मला कशाने झोंबले, सांगू? त्याच आठवड्यात एका दुपारी सुतार तिला खाली आपल्या कामाच्या खोलीत घेऊन गेला. दोघींना तेल लावायचे म्हणून त्याने मलाही बाकावर ठेवले होते. त्याने फळीवरून नमद्याची गुंडाळी काढली. नखाएवढा तुकडा कापला. चिमट्यात धरून तो तिच्या नळीखाली, अगदी पुढच्या टोकाशी, खोल सरकवला आणि तिला थोपटून म्हणाला, "घे बाई. हिला सुधारलं, तुला पण लाभेल."

माझा नमदा! माझ्यासाठी शोधलेला, माझ्यामुळे घरात बोलण्यात आलेला! तो त्या आयत्या बिळावरच्या नागोबाला दिला. त्याने ही गोष्ट कोणाला सांगितलीही नाही, कारण त्याच्या लेखी ती सांगण्यासारखी नव्हती. आपल्या घरात रायफल आली की तिला नमदा लागतो, बस्स. मी मात्र त्या दिवशी इतकी जळले की माझ्यावरचे तेल कसे सुकले नाही याचे मला नवल वाटते.

आणि मग गंमत झाली. नवीचा नेम लागेना.

पहिल्या दिवशी टिचकीच्या दोन गोळ्या मध्ये, एक वर, एक उजवीकडे. सवय नाही, असे आत्या म्हणाली. दुसऱ्या दिवशी तेच. आठवड्यानंतरही तेच. कागद बघावा तर मूठभर धान्य फेकल्यासारखी भोके. मी रेंजवरच्या घोड्यावर, म्हणजे रायफली टेकवायच्या लाकडी चौकटीवर, उभी होते. मला सगळे दिसत होते आणि काय सांगू, फार बरे वाटत होते.

निवड स्पर्धा जवळ आली होती. टिचकीच्या वयोगटात आमच्या रेंजवरून एकाच मुलीला पाठवायचे होते आणि नाव देण्याचे काम आत्याचे होते. दुसरी मुलगी होती ती चष्मेवाली. शांत, मेहनती, रोज ठरलेले गुण मिळवणारी. वर्षभर टिचकी तिच्या पुढे होती. आता नवी हातात आल्यापासून रोज मागे पडत होती.

आत्याने शोध सुरू केला. तिचा एक नियम आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर गुण कशाने आला आणि दोष कशाने गेला, ते कळत नाही. पहिल्यांदा तिने दस्ता आणि नळी जोडणारे स्क्रू तपासले. ते ठरल्याइतकेच घट्ट होते. मग नेम धरायच्या चकत्या हलवून बघितल्या. पक्क्या होत्या. मग नळी आतून साफ केली, चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत. मग काडतुसे बदलली. कागदावर तोच सडा. दर बदलाला टिचकी आशेने चटईवर पालथी व्हायची आणि उठताना तिचा चेहरा अजून लहान झालेला असायचा. साप म्हणून भुई धोपटणे म्हणतात ते हेच. साप कुठे आहे ते मला तरी कुठे माहीत होते! मला वाटायचे, नवी मुळातच खोटी.

शेवटी आत्याने वाळूची पिशवी काढली. टेबलावर पिशवी, पिशवीवर चापाजवळचा भाग टेकवून ठेवलेली नवी आणि मागे चष्मेवाली. पट्टा नाही, कोपरांचा जोर नाही, माणसाची चूक जितकी कमी करता येईल तितकी कमी. चष्मेवालीने पाच गोळ्या मारल्या. पाचही गोळ्या एकमेकींना खेटून मध्ये बसल्या. चष्मेवालीलाच ओशाळल्यासारखे झाले. तिने हळूच कागद उलटा ठेवला, पण आत्याने तो उचलला.

"रायफल चांगली आहे," आत्या म्हणाली.

म्हणजे काय ते सगळ्यांना कळले. रायफल चांगली, मग वाईट कोण? टिचकी पट्टा दंडातून काढायला लागली, तो निघेना, तशी आणखीच ओढायला लागली.

त्या संध्याकाळी घरी बहीणभावाचे वाजले. माझे कपाट आत्याच्या खोलीत आहे, त्यामुळे मला सगळे ऐकू आले.

"ताई, पोरीचा हात मला माहितीये. तिचा दोष नाही," सुतार म्हणाला.

"मग कोणाचा? पिशवीवर ठेवली की एका जागी मारते. तिच्या हातात गेली की सडा. मी काय म्हणू लोकांना, नाचता येईना अंगण वाकडं?"

"तुझी भाची आहे ती."

"म्हणूनच तर! माझी भाची नसती तर मी अजून थोडी थांबले असते. उद्या सगळे म्हणतील, घरचं माणूस म्हणून पाठवलं. परवापर्यंत नाव द्यायचंय. मी चष्मेवालीचं देणार."

तेवढ्यात दारातून टिचकीचा आवाज आला. ती कधी येऊन उभी राहिली होती कोण जाणे.

"आत्या, नाव कोणाचंही दे. पण मला एकदा जुनीवर मारू दे. मला बघायचंय, मला येतं का नाही ते."

मित्रांनो, मी कपाटात होते म्हणून बरे, नाहीतर नाचले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे रेंजवर होतो. सुतारही काम टाकून आला होता. नवी घोड्यावर आणि मी टिचकीच्या हातात. किती दिवसांनी! तिने चटई अंथरली, पालथी झोपली, पट्टा दंडात अडकवून ताणला. तिचा गाल आपल्या जागी आला. तो गरम होता आणि थरथरत होता. मी मनात म्हटले, बाळ, तू फक्त श्वास सोड, बाकी माझ्यावर सोपव.

पहिली गोळी मध्ये गेली. दुसरी तिला चिकटून. तिसरीला टिचकीचा गाल थरथरायचा थांबला. दहाव्या गोळीनंतर आत्याने दोरी ओढून कागद जवळ आणला. सगळी भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ होती. टिचकी उठून बसली. तिने मला दोन्ही हातांनी कवटाळले. घामाने चिंब झालेला तिचा उजवा हात माझ्या उघड्या नळीवर घट्ट दाबलेला होता आणि ती रडत रडत हसत होती.

"मला येतं! आत्या, मला येतं! बाबा, मी हीच घेऊन जाते स्पर्धेला. मला ती नकोच!"

ऐकलेत ना? तिला ती नको होती. मी नवीकडे बघितले. ती घोड्यावर गप्प उभी होती. माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात असा आनंद मला कोणत्या पदकानेही झाला नव्हता. त्या क्षणी कोणी मला विचारले असते तर मी म्हटले असते, फेकून द्या तिला भंगारात.

पण आत्या हसत नव्हती. ती एकदा माझ्याकडे आणि एकदा नवीकडे बघत होती.

"थांब जरा," ती म्हणाली. "नवी पिशवीवर चांगली मारते. तू जुनीवर चांगली मारतेस. म्हणजे रायफल बरोबर, तूही बरोबर. दोघी बरोबर आणि एकत्र आलात की चूक. मग पिशवीवर नव्हतं आणि तुझ्या हातात होतं, असं काय?"

"पट्टा," टिचकी म्हणाली.

बघितलेत ना मित्रांनो? माझ्या दहा चांगल्या गोळ्यांनी काय केले! मी टिचकीचा निर्दोषपणा सिद्ध केला आणि त्याच दमात शेजारणीची चौकशीही सुरू करून दिली. आपलाच दगड आपल्याच पायावर, दुसरे काय.

आत्याने टार्गेटचा एक जुना कागद फाडून त्याची लांब पट्टी केली. नवीची नळी अधांतरी असते ना, मग नळी आणि दस्ता यांच्या फटीतून कागद मागेपर्यंत सरकायला हवा. तिने पुढच्या टोकाशी कागद आत सारला. तो तिथेच अडला. पुन्हा सारला, पुन्हा अडला.

"इथे काहीतरी आहे," आत्या म्हणाली. तिने बॅटरी लावून चांगल्या डोळ्याने आत बघितले. "काळं काहीतरी... मऊ आहे. हे काय अडकलंय?"

"अगं, अडकलं नाही ते," सुतार सहज म्हणाला. "तो नमदा आहे. मी बसवलाय. तुझ्या रायफलीला बसवला होता तसाच."

आत्याने दोन्ही हात डोक्याला लावले.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! अरे, स्क्रू झाले, काडतुसं झाली, पोरीला नाही नाही ते बोलून झालं, आणि तू नमदा लावून बसलायस? सांगायचं नाही?"

"त्यात सांगायचं काय? आपल्याकडे लावतातच की."

"आपल्याकडे!" आत्याला राग यावा की हसू, ते कळेना. "अरे बाबा, जुनीचा दस्ता तू केलेला. जाडजूड. पट्टा कितीही ओढ, तो वाकत नाही. म्हणून हिला नमदा लाभतो. त्या नवीचा दस्ता पातळ आहे. टिचकीने पट्टा ताणला की तो जरासा वाकतो आणि तुझा नमदा नळीला खालून ढकलतो. कधी कमी, कधी जास्त. पिशवीवर पट्टा नव्हता, म्हणून ती सरळ मारत होती. तिची नळी मोकळी राहायला केलीय रे. तिला आधार नकोच आहे!"

सुतार हळूहळू खाली बसला. त्याने खिशातून बारीक चिमटा काढला आणि नवीच्या नळीखालून तो तुकडा ओढून बाहेर काढला. हातावर घेऊन तो बघत राहिला.

"मी आपलं समजलो, जिच्यावर इतकी वर्षं जीव लावला, तिच्यासारखीच हिची पण काळजी घ्यावी," तो म्हणाला. "टिचके, माझ्यामुळे झालं गं हे सगळं."

"बाबा, आता तुम्हालाच नमदा लावू का?" टिचकी म्हणाली आणि नाक पुसत पुसत हसली. तेव्हा कुठे त्याचा चेहरा सुटला.

मग तिने नवी उचलली. पट्टा तसाच ताणला. दहा गोळ्या मारल्या. कागद आला तेव्हा आधी मला वाटले, नऊ गोळ्या बाहेरच गेल्या, कारण मध्ये एकच भोक होते. जरा फाटलेले, शर्टाच्या गुंडीएवढे. दहाही गोळ्या त्या एकाच भोकातून गेल्या होत्या. कोणीतरी दोन्ही कागद शेजारी ठेवले. नाणे आणि गुंडी. टिचकीने एकदा माझ्याकडे बघितले आणि माझा कागद पालथा घातला. तिने तो माझ्या मानासाठी पालथा घातला हे मला समजले. त्यामुळेच ते जास्त लागले.

त्यानंतर जी धावपळ उडाली, तिच्यात माझी कोणाला आठवण राहणार? आत्याला नाव द्यायला कचेरीत जायचे होते. तिथे चष्मेवाली होती. तिला आत्याने स्वतः सगळे सांगितले, तर ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. टिचकी असं मारतच नाही." भली पोर आहे. टिचकीला सराव वाढवायचा होता. सुताराला मिठाई आणायची होती. मला घाईघाईत रेंजवर न्यायच्या पेटीत ठेवले, पेटी कपाटात ठेवली आणि कुलूप लागले. मला कोणी पुसले नाही. आत्यानेसुद्धा नाही. मला तोवर असे कधीच न पुसता ठेवले नव्हते.

पेटीच्या अंधारात मला पुढचे सगळे ऐकूनच कळले. टिचकीची निवड झाली. घरात आरडाओरडा झाला, शेजारी आले, फोन वाजत राहिले. नवीला बाहेरच्या खोलीत टेबलावर मांडले होते आणि जो येईल तो विचारत होता, "हीच का ती?" हीच का ती! अहो, तिच्या पोटात नमदा होता तेव्हा कोण होते हो मधोमध दहा गोळ्या मारायला? माझे ऐकायला कोणी नव्हते. पुढे मोठी स्पर्धा झाली. टिचकी लांब जाऊन आली. तिने पदक आणले. ते पदक नवीच्या बाजूच्या खिळ्याला लागले, तेही मला खिळा ठोकल्याच्या आवाजावरून कळले.

एका रविवारी सकाळी कपाट उघडले. टिचकी पदकाचा फोटो काढत होती आणि तिला फोटोत मीही हवी होते. तिने पेटी उघडली, मला उजेडात आणले आणि तिचे हसणे तिथेच थांबले.

माझ्या नळीवर तांबूस गंजाचे डाग उमटले होते. एकाशेजारी एक असे चार. त्या दुपारी घामेजल्या हाताने तिने मला जिथे कवटाळले होते, तिथे तिची चार बोटे जशीच्या तशी उमटली होती.

"बाबा!" ती ओरडली. "बाबा, लवकर या, ही गंजली!"

सुतार आला. आत्याही आली. तेल आले, मऊ चिंधी आली. टिचकी फरशीवर मांडी घालून बसली आणि मला मांडीवर घेऊन घासत राहिली. बाहेरून मैत्रिणी बोलवायला आल्या, ती गेली नाही. जेवायला हाक मारली, तिने नंतर म्हणून सांगितले. नवी समोर भिंतीला टेकून उभी होती, तिच्याकडे तिने एकदाही बघितले नाही. वरची खरखर निघाली, पण खालचा रंग तसाच राहिला.

"आता नको घासू," सुतार म्हणाला. "जास्त खरवडलंस तर नळीवरचा काळा मुलामा जाईल. राहू दे तेवढं."

"तिने मला वाचवलं आणि मी तिला पुसलंसुद्धा नाही," टिचकी म्हणाली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आले. आत्याने आपल्या पदराने ते घाईघाईने टिपले. "आता परत पाणी पाडू नकोस तिच्यावर," ती म्हणाली.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादी जुनी सायकल असेल, शिलाई मशीन असेल, कात्री असेल. नवी वस्तू आणू नका, असे मी म्हणणार नाही. मला वाटते तसे, पण ते म्हणण्यात अर्थ नाही. नवीची काळजी तिच्या तऱ्हेने घ्या, माझी माझ्या तऱ्हेने. एकीचे औषध दुसरीला पाजू नका. आणि आनंद झाला की माणसे आधी धावत सुटतात, तेही मी बघितले आहे. जरूर धावा. पण ज्या वस्तूने तो आनंद हातात दिला, तिला आधी कोरड्या चिंधीने पुसा, मग धावा. आमच्यावर गंज चढल्यावरच आमची आठवण काढू नका.

टिचकी आता दर रविवारी आम्हा दोघींना पुसते. आधी तिला, मग मला. हेवा मला अजूनही वाटतो, रोज वाटतो. पण पुसता पुसता माझ्या डागांपाशी आली की तिचा हात थांबतो. ती आपली चार बोटे त्या चार खुणांवर ठेवून बघते. नवीच्या अंगावर असे काही नाही. तिची बोटे आता मोठी झाली आहेत. ती त्या खुणांत बसत नाहीत.